राष्ट्राचें मत आणि जगाचा बाजार

मनुष्याचें मत त्याच्या खिशामागून चालतें असें कोणी म्हटलें, तर ऐकणाऱ्यास बहुधा राग येतो. प्रत्येकास असें वाटतें कीं, दुसऱ्याचीं मतें लाभावरून ठरत असतील, आपलीं मात्र विचारान्तीं ठरलेलीं आहेत. व्यक्तीची जी गोष्ट तीच राष्ट्राची. प्रत्येक राष्ट्र आपल्या सोयीस तत्त्व म्हणतें आणि शेजाऱ्याच्या तत्त्वास सोय म्हणतें. मग खरा प्रकार काय आहे? राष्ट्राला स्वतःचें असें मत असतें काय, कीं जगाच्या बाजारांत जो भाव निघेल आणि जगाच्या राजकारणांत जें वारें वाहील, त्याचाच तो पडसाद असतो? आणि तसें असेल, तर मत बदलल्याबद्दल कोणास दोष किंवा श्रेय देण्यांत कांहीं अर्थ उरतो काय? या प्रश्नाचा विचार नुसत्या तर्कानें करण्यापेक्षां आपल्या प्रांतांत व आपल्या घरांत घडलेल्या गोष्टींवरून करावा, हें आम्हांस अधिक सोईचें वाटतें.

१८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध सुरू झालें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं आणि लँकेशायरच्या गिरण्यांस लागणारा अमेरिकन कापूस येईनासा झाला. गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईंत कापसाचा भाव भराभर चढला, पैशाचा पूर लोटला, आणि त्या पैशास वाट करून देण्यासाठीं बँका, कंपन्या व समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना एकामागून एक निघूं लागल्या. प्रेमचंद रायचंद यांचें नांव त्या काळीं साऱ्या शहराच्या तोंडीं होतें. शेअरांच्या त्या वेडाचा इतिहास आम्हांस येथें सांगावयाचा नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्या व्यवहारास पूर्वी जुगार म्हटलें असतें, त्यास त्या चार वर्षांत साहस व उद्योगशीलता हीं नांवें मिळालीं. पुढें ९ एप्रिल १८६५ रोजीं दक्षिणेचा सेनापति ली यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या व्यवहारांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस कित्येक धनिकांच्या दिवाळ्याचा दिवस ठरला. आणि त्या धक्क्यानें खिळखिळी झालेली जुनी बँक ऑफ बॉम्बे १८६८ सालीं मोडीत निघाली. मग त्याच व्यवहारास पुनः जुगार हें नांव प्राप्त झालें. व्यवहार तोच होता. समुद्रापलीकडील एका युद्धानें त्याचें नांव दोन वेळां बदललें.

ही लाट शहरांतच थांबली नाहीं. चढत्या भावाच्या दिवसांत सावकारांनीं खेड्यापाड्यांतून सैल हातानें कर्जें दिलीं होतीं. भाव उतरतांच त्यांनीं हात आखडला. त्यांतच १८६७ पासूनच्या नव्या जमाबंदींत सरकारनें साऱ्याची आकारणी पुष्कळ वाढविली. पुणें-नगरचा मुलूख कांहीं वऱ्हाडासारखा कापसाचा नव्हे, व केवळ कापसामुळेंच पुढील अनर्थ झाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु पतीचा पूर आणि ओहोटी यांस पिकाची शीव ठाऊक नसते. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयत उठली. तिनें सावकारांच्या वह्या व कर्जखतें हिसकून घेऊन जाळलीं, आणि हें लोण आसपासच्या गांवोगांवीं पोहोंचलें. रयत म्हणाली, सावकार लबाड. सावकार म्हणाला, रयत कृतघ्न. पुष्कळ शहाण्या माणसांस वाटलें, कुणबी मुळांतच उधळ्या. जो तो दुसऱ्याच्या शीलांत दोष शोधीत होता. लबाडी नव्हती असें नाहीं, उधळेपणाही असेल. पण कालपर्यंत जी लबाडी व जो उधळेपणा खपत होता, तो आज कां खपेनासा झाला, याचें एक उत्तर अमेरिकेंत व दुसरें सरकारी दप्तरांत होतें. तें न दिसल्यामुळें शेजारी शेजाऱ्याचा वैरी झाला. जगाच्या घडामोडींचें अज्ञान हा केवळ बुद्धीचा दोष नव्हे. त्यांतून न्यायाचा दोष उत्पन्न होतो, असें आम्ही म्हणतों तें यासाठींच.

दुबळ्या देशाचीं मतें परिस्थिति घडविते आणि बलवान् देशाचीं मतें त्याचीं तो घडवितो, असा कोणाचा समज असेल तर त्यानें इंग्लंडकडे पाहावें. १८४६ सालीं धान्यावरील जकातीचे कायदे रद्द करून इंग्लंडनें खुल्या व्यापाराची दीक्षा घेतली, तेव्हां त्याच्या कारखान्यांना जगांत तोड नव्हती. त्या दीक्षेस पुढें जवळजवळ धर्माचें रूप आलें. १८८२ सालीं हिंदुस्थानांत येणाऱ्या कापडावरील जकात याच तत्त्वाच्या नांवानें उठविण्यांत आली. पुढें तिजोरीच्या अडचणीमुळें ती पुनः बसवावी लागली, तेव्हां १८९६ सालीं येथील गिरण्यांच्या कापडावर शेंकडा साडेतीन टक्के अंतर्गत कर लादून लँकेशायरचें समाधान करण्यांत आलें. हा कर तीस वर्षें टिकला. आणि मग १९३२ सालीं, जगभर मंदी पसरलेली असतां, त्याच इंग्लंडनें परदेशी मालावर सर्वसाधारण जकात बसवून आपल्या धर्माचा त्याग केला! तत्त्व खोटें ठरलें होतें काय? तसें नव्हे, तत्त्वाचा उपयोग संपला होता.

अशा काळांत स्वतंत्र विचार शक्य असतो काय? तो असतो, याचा पुरावा आमच्याच पुण्यांत आहे. १८९२ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें. इंग्रजी ग्रंथांतील अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांस व सर्व काळीं सारखेच लागू पडतात हें त्यांनीं नाकारलें, आणि देशाची स्थिति व इतिहास पाहूनच त्याचें अर्थकारण ठरविलें पाहिजे असा आग्रह धरला. रानडेही परिस्थितींतूनच बोलत होते. दरिद्री व पराधीन देशांत त्यांचा जन्म झाला नसता, तर ते असें बोलले नसते. जर्मनीच्या लिस्टचे विचारही त्यांच्यापुढें होतेच. मग त्यांच्यांत व मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांत भेद कोणता? भेद हा कीं, व्यापारी आपल्या परिस्थितीस विश्वाचा नियम म्हणत होता, आणि रानडे आपल्या परिस्थितीस परिस्थितीच म्हणत होते. आमच्या मतें विचाराचें स्वातंत्र्य येथेंच सुरू होतें.

स्वराज्य मिळाल्यानें हा प्रश्न सुटला नाहीं. १९५६ सालीं दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली व आपल्या पायांवर उभें राहण्याचें ध्येय देशापुढें आलें. त्याच सालीं अमेरिकेशीं पी. एल. ४८० या कायद्याखालीं धान्याचा करार झाला. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या दोन अवर्षणांत त्या धान्याचें खरें मोल कळलें. व्हिएतनामच्या युद्धाविषयीं आम्ही काय बोलतों याकडे लक्ष ठेवून अध्यक्ष जॉन्सन गव्हाचीं जहाजें थोडथोडीं सोडीत होते. ६ जून १९६६ रोजीं डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. त्या अपमानाच्या आठवणीनें स्वावलंबनास नवी धार आली. पुढें १९९१ सालीं, आखाती युद्धामुळें तेल महागलें आणि सोव्हिएत संघ मोडकळीस आला, तेव्हां सरकारी भांडारांतील सुमारें ४७ टन सोनें इंग्लंडमध्यें गहाण ठेवण्याची पाळी आली. घरांतलें सोनें गहाण पडणें म्हणजे काय, हें मध्यम वर्गास समजावून सांगावयास नको. त्या जुलैंत देशाचें धोरण पालटलें. तें पालटणें योग्य होतें कीं नव्हतें हा वाद येथें नको. पण पुढच्या दहा वर्षांत ज्यांनीं परवान्यांच्या राज्यास समाजवाद म्हणून मान डोलविली होती, तेच त्यास पहिल्यापासून मूर्खपणा म्हणूं लागले. आणि ज्या अमेरिकेनें खुल्या बाजाराचा उपदेश केला, तिनें २०१८ सालीं पोलाद व अॅल्युमिनियम यांवर जकात बसविली. २०२० सालीं आमच्याकडेही आत्मनिर्भरतेचा शब्द परत आला.

आपल्या घरांतही हेंच दिसेल. समुद्र ओलांडणाऱ्यास एके काळीं प्रायश्चित्त घ्यावें लागे. १९६५ सालीं अमेरिकेनें आपला वसाहतविषयक कायदा बदलला आणि आशियांतील शिकलेल्या माणसांस दार उघडलें. प्रथम आपण हुशार मुलांच्या जाण्यास देशाची हानि म्हटलें. कांहीं वर्षांनीं तोच मुलगा घराण्याचें भूषण झाला. या बदलासाठीं कोणी ग्रंथ वाचला नाहीं, कीं कोणी वाद जिंकला नाहीं. दूरच्या एका राजधानींत एक कायदा झाला, आणि आपल्या दिवाणखान्यांतील कर्तव्याची व्याख्या बदलली.

यावरून सर्व मतें पोकळ आहेत असा निष्कर्ष काढणें मात्र चुकीचें होईल. मत गरजेंतून जन्मलें म्हणून तें खोटें ठरत नाहीं. भुकेल्यानें अन्नाची थोरवी सांगितली, म्हणून अन्न कमी थोर होत नाहीं. परंतु प्रत्येक मतास जन्मतारीख असते, आणि ती विसरणारा मनुष्य किंवा देश दोन दोषांत सांपडतो. ज्यांची परिस्थिति वेगळी आहे त्यांस तो मूर्ख किंवा अधर्मी समजतो, आणि आपली परिस्थिति पालटली म्हणजे कालच्या स्वतःसही तेंच म्हणतो. पहिल्या दोषानें अन्याय होतो. दुसऱ्यानें अनुभवाचें मोल हातचें जातें.

मत बदलणें हा अपराध नव्हे. तें कशामुळें बदललें हें प्रामाणिकपणें सांगणें, एवढी एकच जबाबदारी परिस्थिति आपल्याकडून हिरावून घेऊं शकत नाहीं. ही परीक्षा अडचणीच्या दिवसांत नव्हे, तर सुबत्तेच्या दिवसांत अधिक कडकपणें घ्यावी. कारण मत आणि लाभ हातांत हात घालून चालतात, तेव्हां कोण कोणास ओढीत आहे हें सहसा दिसत नाहीं. सुप्याच्या बाजारांत त्या दिवशीं कागद जळाले. ज्या भावांनीं व ज्या आकारणीनें त्या कागदांवरचे आंकडे फुगविले होते, त्यांना त्या आगीची झळ लागली नाहीं. क्रोधाच्या भरांत आज आपण कोणाचे कागद जाळीत आहों, हें ज्यानें त्यानें आपल्याशीं पाहावें.