मंडालेच्या आधीची अडतीस वर्षे

निर्मितीला एकांत हवा, हे इतक्यांदा सांगितले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. दाखला टिळकांचा: मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी सुमारे पाच महिन्यांत ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेनुसार त्यांची गीतेशी ओळख झाली १८७२ साली, वडिलांच्या अखेरच्या आजारपणात. मधल्या अडतीस वर्षांतली बरीचशी अग्रलेख, सभा आणि खटले यांच्या धबडग्यात गेली, तरी गीतेचा प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. तुरुंगात मिळाली ती लिहायला सवड; विचार तोवर पिकत आला होता. बहिणाबाई चौधरींना तेवढीही सवड नव्हती. अक्षरओळख नसलेल्या या खानदेशी शेतकरणीने घरकाम आणि शेतकाम करता करता गाणी रचली. घरच्यांनी टिपली म्हणून ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकात आली.

म्हणजे एकांत नसतानाही निर्मिती होते. यावर रास्त आक्षेप असा, की बहिणाबाईंच्या काळातले जाते हात गुंतवते आणि मन मोकळे ठेवते; आजचा मोबाइल नेमके मनच मागतो. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे, कारण खरी अडचण त्यातच दिसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन आवरणे वारा आवरण्याइतके अवघड असल्याची तक्रार अर्जुन करतो. श्रीकृष्ण ती खोडून काढत नाही. अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतो. आपण त्यातला अभ्यास तेवढा उचलतो, पहाटे उठतो, रोजची पाने ठरवतो, आणि वैराग्य संन्याशावर सोपवून मोकळे होतो. लिहिणाऱ्या, गाणाऱ्या, चित्र काढणाऱ्या गृहस्थाला आज वैराग्याचीच निकड अधिक आहे. बसची वाट पाहताना, भाजी निवडताना मन रिकामे असते; ते तसेच राहू देणे हे आजचे वैराग्य. मनात धरलेला प्रश्न अशाच वेळी पुढे सरकतो.

मात्र ज्याची रोजची कमाई पुढच्या ऑर्डरच्या घंटीवर अवलंबून आहे, त्याला फोन बाजूला ठेवायला सांगणे निर्दयपणाचे होईल. सोडण्याआधी सोडण्याची मुभा लागते आणि ती पोटाशी बांधलेली असते. बहिणाबाईंचे कौतुक करताना, जात्यावरच्या कितीतरी बायकांच्या ओव्या टिपायला कुणीच नव्हते, हेही विसरता येत नाही. म्हणूनच कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मला कामगार कायद्याइतकाच धर्माचाही विषय वाटतो.