मिनिट कोणाचं?

आमच्या शहापूरला रेल्वे नाही. गावाला हमरस्ता आहे, एसटी आहे. खुद्द भंडाऱ्याचं स्टेशनही शहराबाहेर, वरठीला. पाटीवर नाव 'भंडारा रोड'. त्याच्या अलीकडे, नागपूरच्या बाजूनं, खात लागतं. लहानसं स्टेशन. मोठ्या गाड्या धूळ उडवत निघून जातात. पॅसिंजर तेवढी थांबते, तीही मिनिटभर.

लाईन मात्र जुनी. नागपूर-छत्तीसगड रेल्वे म्हणून ती आधी अरुंद रुळांची टाकली. १८८७ मधे बंगाल-नागपूर कंपनी निघाली, तिनं ती रुंद केली.

आता शिकलेले लोक विचारतात, बारा माणसांसाठी हजार माणसांची गाडी का थांबवायची? हिशेब वरून खरा दिसतो. हजार जणांचं एकेक मिनिट धरलं तर सोळा-सतरा तास झाले. पण ते सतरा तास कोणाच्या पदरात एकत्र पडतात का? ज्याचं मिनिट गेलं तो खिडकीतून बाहेर पाहतो अन् विसरतो. थांबा गेला तर इकडे बारा जणांचा आख्खा दिवस जातो. सांबाराच्या जुड्या घेऊन निघालेली बाई दुपारी बाजारात पोचली तर तिला भाव कोण देणार? मजुराची रोजी बुडते. मेडिकलला निघालेल्या म्हाताऱ्याचा नंबर हुकतो. हजार लहान नुकसानं अन् एक मोठं नुकसान एकाच तराजूत कशी टाकायची, ते मला कोणी सांगितलं नाही.

दुसरी बाजूही आहे, ती नाकारून चालणार नाही. प्रत्येक गावानं थांबा मागितला तर रेल्वेचा खासर होईल. अन् आतल्या हजारांतही कोणी आजारी असेलच की. एसटीला हात दाखवला की थांबते, गाडीचं तसं नाही. ते एवढं वजन थांबवायचं अन् पुन्हा ओढायचं म्हणजे वीज लागते, मागची गाडी अडते. जर्मनीत म्हणे काही लहान मार्गांवर बटण दाबलं तरच गाडी थांबते. उतरणारा-चढणारा नसला तर सरळ पुढं. मला ते पटलं. पण तिथंही गरज आहे का हे विचारतात, गर्दी किती हे नाही.

आमच्याकडे तिकिटं मोजतात. त्यात एक गोम आहे. मार्च २०२० मधे गाड्या बंद झाल्या. पुढं पॅसिंजर सुरू झाल्या त्या स्पेशल म्हणून. कमीत कमी दहाचं तिकीट तीसचं झालं. ते खाली यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. म्हाताऱ्यांची सवलत तर आलीच नाही. एवढ्या वर्षांत माणूस टमटम धरतो, पोरगा कर्ज काढून मोटारसायकल घेतो. मग त्या रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवून म्हणायचं, पाहा, कोणी येतच नाही! गावातल्या शाळेचंही असंच होताना पाहिलं आहे. मास्तर आधी कमी होतात, पोरं मागून.

अन् मिनिटाची एवढी काळजी असेल तर आणखी एक पाहावं. पॅसिंजर बाजूच्या लाईनीवर उभी असते. शेजारून कोळशाची मालगाडी जाते, मग एक्सप्रेस, मग आणखी एक मालगाडी. आत बायका टोपल्यांवर ओलं फडकं टाकत बसलेल्या. तो अर्धा तास कोणत्या वहीत लिहितात?