पानगळीच्या जंगलात

चिंचोळीच्या अभयारण्याचे जे फोटो आपल्याकडे मोबाइलवर फिरतात, ते झाडून सगळे श्रावण-भाद्रपदातले असतात. एत्तिपोताचा धबधबा, चंद्रमपल्लीचं काठोकाठ भरलेलं धरण, ढगात बुडालेल्या टेकड्या, आणि खाली कौतुकानं लिहिलेलं असतं, 'आपल्या भागातलं मलनाड'. मग भालकी-हुमनाबादची, बसवकल्याणची, हल्ली उदगीर-निलंग्याचीसुद्धा मंडळी एका दिवसाची सहल काढतात. सकाळी निघायचं, तिथला वाटाड्या बरोबर घ्यायचा, धरणावर डबे सोडायचे आणि परत येताना माणिकनगरला माणिकप्रभूंचं दर्शन घ्यायचं.

आम्ही गेलो ते ऐन फाल्गुनात. जंगल उघडंबोडकं. साग पार निष्पर्ण, पायाखाली वाळक्या पानांचा चुरा, आणि मधेच कुठे पळस पेटलेला. आमच्यातल्या एक मावशी गाडीतून उतरता उतरताच म्हणाल्या, "ह्याला जंगल म्हणायलेत होय? आमच्या शेताच्या बांधावर ह्याच्यापरीस जास्त सावली हाय." वाटाड्या तांड्यावरचा. घरी लंबाणी, वनखात्यात कन्नड आणि आमच्याशी दख्खनी. तो म्हणाला, "पत्ते गिरे तो झाड मरा क्या अक्का? सो रा ना उने."

मावशींचं काही चुकलं नव्हतं. हिरवं ते जंगल, ही खूणगाठ आपल्या मनात पक्की बसलेली आहे. त्यातही खरं जंगल म्हणजे मलनाडातलं आगुंब्याचं सदाहरित रान, हेही आपण ठरवून टाकलंय. पण आगुंब्याला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि बीदरकडे साडेआठशेच्या आसपास, तोही बराचसा तीन-चार महिन्यांत. तिथल्या झाडांची भांडणं उजेडासाठी, म्हणून ती उंचच उंच जातात. इथली सगळी ओढाताण पाण्यासाठी. पानं म्हणजे पाणी उडून जायच्या वाटा. तेव्हा थंडी सरता सरता झाड पानातला कस खोडात ओढून घेतं आणि पान सोडून देतं. आपल्याला जी अवकळा वाटते, तो खरं तर झाडाचा चोख कारभार आहे. पाणी उघड्यावर ठेवलं की उन्हाचं होतं, हे बीदरजवळ नौबादला जमिनीच्या पोटातून कारेझ खोदणाऱ्या बहामनी काळातल्या माणसांनाही कळलं होतं. आपणच मधल्या काळात विसरलो.

म्हणून ते 'मलनाड' मला खटकतं. कौतुक करायचं तेही उसन्या नावानं कशाला? २०११ साली हे १३४ चौरस किलोमीटरचं रान राखीव झालं, ते दक्षिणेतलं कोरड्या मुलखातलं पहिलं अभयारण्य म्हणूनच गाजलं. कोरडेपणा ही त्याची ओळख, आणि आपण मात्र दोन महिन्यांच्या हिरवाईवर त्याला दुसऱ्याच्या पंगतीत बसवायला निघालो. अर्थात ही सवय आपल्या सगळ्या भागालाच लागलीय. २०१९ मध्ये 'हैदराबाद कर्नाटक'चं 'कल्याण कर्नाटक' झालं. नाव छान आहे, पाऊस तेवढाच आहे.

बरं, उघड्या जंगलात जे दिसतं ते पावसाळ्यात गवताखाली जातं. वाटाड्यानं काठीनं एक खडक दाखवला. तिथे खडूच्या तुकड्यांसारखं काहीतरी पांढरं पडलेलं होतं. तरसाची विष्ठा. तरस हाडंसुद्धा पचवतो, त्या हाडांचा चुना वाळून असा पांढरा होतो. पोरांनी नाकं दाबली, पण वाकून सगळ्यांनी पाहिलं. जरा पुढे ओढ्याकाठी एकाच जागी लेंड्यांचा ढीग होता, जुन्यावर ताज्या. चौसिंगा फिरून फिरून त्याच ठिकाणी येतो म्हणे. चार शिंगांचा हा लहानखुरा प्राणी भारत आणि नेपाळ सोडून कुठेच नाही, आणि तो आपल्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर राहतो, हे आमच्या गाडीतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. प्रत्यक्षात तो दिसला नाही. लांडगा नाही, कोल्हा नाही. पोरांच्या लेखी सहल तिथेच नापास झाली होती. मला उलट वाटलं, की वाटाड्या बरोबर घ्यायचा तो ह्यासाठीच. त्यानं जनावर आणून उभं करायचं नसतं. ते कुठून गेलं, काय खाऊन गेलं, हे वाचून दाखवायचं असतं. आणि वाचायचं तर पान कोरं हवं. श्रावणात ते हिरव्यानं भरून गेलेलं असतं.

दुपारनंतर परतताना एका धावड्याशी वाटाड्या थांबला. झाड साधंच, फार उंचही नाही. खोडाच्या चिरेतून मधाच्या रंगाचे गोल मणी बाहेर आलेले, काही घट्ट, एखादा अजून चिकट. मावशी कितीतरी वेळ मागे रेंगाळत चालल्या होत्या, त्या झटकन पुढे आल्या. "अगं बाई, डिंक!" लाडवातला डिंक झाडावर त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. मूठभर काढून घेऊ का, असं त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. अभयारण्यातून काडीसुद्धा न्यायची नाही. बरं, मग निदान हा येतो कधी ते तरी सांग, म्हणाल्या. तो म्हणाला, ऊन कडक झालं, झाड सुकलं की सुटतो; पावसात कुठला, धुऊन जातो. मावशींनी वर त्या बिनपानाच्या फांद्यांकडे पाहिलं, खोडावरून हात फिरवला आणि बोटाला लागलेला चिकटा बराच वेळ चोळत राहिल्या.

हुमनाबादला त्यांनी गाडी थांबवायला लावली. बाजारातून पावशेर डिंक घेतला, आणि तो धावड्याचाच आहे ना, ह्यावरून दुकानदाराला चांगलंच धारेवर धरलं.