चेहरा कुणाचा, नियम कुणाचे

अकोल्यात भाचा मोबाइलवर बीजीएमआय हा खेळ सुरू करत होता. गडी निवडताना त्वचेच्या छटा पुढे आल्या; त्यानं सगळ्यात उजळ छटेवर बोट ठेवलं. सावळा का नाही, असं विचारलं. ‘काया घेतला तं पोट्टे हासतेत ना मामा!’ हसणारे पोट्टेही वऱ्हाडचेच, त्याच उन्हात रापलेले. ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

गोऱ्या रंगाचं आपलं वेड, लग्नाच्या जाहिराती, क्रीमच्या डब्या हे सगळ्यांना पाठ आहे. ते उगाळत नाही. माझा एक प्राध्यापक मित्र म्हणतो, ‘खेळ म्हणजे घटकाभर दुसरं कुणी होण्याची मुभा. आरशात दिसतं तेच थोबाड खेळातही कशाला?’ मुभा मलाही मान्य. पण सगळ्यांची पावलं एकाच दिशेला वळत असतील, तर ती मुभा की रेटा?

तरी मित्राला अर्धे गुण द्यावेच लागतात. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ या व्हिडिओ गेममध्ये जपानच्या कॅपकॉमनं धालसीम हा भारतीय योगी आणला. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून जाळ, हवे तितके लांबणारे हात. परक्यानं काढलेलं आपलं व्यंगचित्रच! पण मुरलेला खेळाडू त्याला निवडतो, तो लांबून ठोसा पोचतो म्हणून. तिथं रंग कोण बघतो? म्हणजे चेहरा वेगळा आणि ताकद वेगळी. नुसता सावळा चेहरा यादीत घातला, तर तो यादीतच पडून राहतो.

इथं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचा चमू बर्लिनला गेला आणि तिथं कबड्डी खेळून दाखवली. वंशाच्या गर्वानं फुगलेली ती राजधानी, आणि तिथं ही वऱ्हाडातून गेलेली माणसं. त्यांनी दुसऱ्याच्या खेळात कोपरा मागितला नाही. स्वतःचा खेळ नियमांसकट नेला. दम कुठं धरायचा, गडी बाद कधी, हे बघ्यांनाच समजून घ्यावं लागलं असेल. चेहरा आणि ताकद या दोहोंना वरचढ अशी ही तिसरी गोष्ट: नियम.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी’ हा व्हिडिओ गेम आणला. भारतीय नायिका, हातात दुर्गेचं त्रिशूळ, बरं वाटलं. पण महाल राजस्थानी धाटणीचे आणि लढण्याची रीत जगभरच्या ॲक्शन गेमांचीच.

लिहायला बसलो तेव्हा मला सावळे गडी हवे होते. आता वाटतं, खेळात हवा तो पूर्णा नदीकाठचा आपला खारपाणपट्टा. विहीर सापडली तरी तहान भागणार नाही, कारण पाणी खारं. पाऊस पडला की काळी माती पायाला गच्च धरणार, तेव्हा धावेल तो फसेल. मे महिन्यात भरदुपारी उघड्यावर निघाला, त्याची शक्ती झरझर उतरणार. अशा खेळात गड्याच्या रंगाला कोण विचारतो? जमीन ओळखणारा जिंकेल.

मित्र म्हणतो, ‘खारपाणपट्टा खेळणार कोण?’ पोचिंकी हे बीजीएमआयमधलं, काळ्या समुद्रातल्या एका कल्पित बेटावरचं गाव. वऱ्हाडातल्या पोरांना त्यातलं घर न् घर ठाऊक आहे. ते गाव रचणाऱ्यांना, अकोल्याला ते आपलं वाटेल का, ही चिंता कधी पडली होती?