कारणांची छाननी

आपल्या शाळांतून ‘कारणे द्या’ या मथळ्याखाली जो प्रश्न पिढ्यान् पिढ्या विचारला जात आहे, त्याने महाराष्ट्रातील सुशिक्षित मनाला एक खोड लावून ठेवली आहे. ती अशी की, कोणत्याही घटनेची कारणे म्हणजे अनुक्रमांक घालून एकाखाली एक मांडावयाची विधाने होत, ती जितकी अधिक तितके गुण अधिक, आणि शेवटचे विधान लिहून झाले की लेखणी खाली ठेवावयास हरकत नाही. शाळा सुटते, पण ही खोड सुटत नाही. वृत्तपत्रांचे अग्रलेख, चौकशी समित्यांचे अहवाल आणि पदवी परीक्षेचे निबंध यांतून ती पुन्हा पुन्हा डोके वर काढते. सात कारणे दिलेली असतात, सातही थोडीफार खरी असतात, आणि तरीही ती घटना का घडली हे वाचणाऱ्याला उमगलेले नसते.

कार्यकारणभाव उलगडून दाखविणारा निबंध कसा लिहावा, असे कोणी विचारले तर मी प्रथम एवढेच सांगेन की, कारणे जमविणे हा त्यातला सोपा भाग आहे; खरे कष्ट पडतात ते त्यांतली गाळून टाकण्यात. आपल्या नैयायिकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कार्याच्या पूर्वी जे नियमाने असते ते कारण, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. ते ‘अन्यथासिद्ध’, म्हणजे कार्याआधी असूनही त्याला अनावश्यक, नसावे, अशी दुसरी अट त्यांनी घातली, आणि विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त अन्यथासिद्धाचे पाच प्रकार सांगितले आहेत. घट निर्माण होण्यापूर्वी चाक फिरविणारा दंड असतो हे खरे, परंतु त्या दंडाचा रंगही तेव्हा असतोच. कुंभार असतो, पण त्याला जन्म देणारा बापही त्याच्या आधी होऊन गेलेला असतो. आणि माती वाहून आणणारे गाढवही दारात उभे असते. म्हणून रंग, बाप आणि गाढव यांची गणना घटाच्या कारणांत करावयाची काय? नैयायिकांनी या तिघांनाही बाहेर काढले. आपल्या निबंधांतून मात्र गाढव सन्मानाने पहिल्या क्रमांकावर बसलेले पुष्कळदा आढळते.

हे सारे नुसत्या तत्त्वचर्चेत राहिले तर त्याचा उपयोग थोडा. म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रकरण पुढे ठेवतो, ज्याच्या कारणांविषयी गेल्या दीडशे वर्षांत जितके लिहिले गेले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या ग्रामीण उठावाविषयी लिहिले गेले असेल. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील तत्कालीन भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या रयतेने एकत्र येऊन मारवाडी व गुजर सावकारांची दुकाने आणि घरे यांवर हल्ला केला, आणि पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे व नगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारदप्तरी यास ‘दख्खनचे दंगे’ असे नाव पडले. नऊशेंवर माणसे पकडली गेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना शिक्षा झाल्या.

आता यावर निबंध लिहावयास बसलेला विद्यार्थी काय करतो? तो दारिद्र्य, सावकारशाही, जबर सारा, अमेरिकेतील यादवी युद्ध, इंग्रजी न्यायपद्धती, दुष्काळ आणि निरक्षरता अशी यादी करतो. यांतील दुष्काळ तर सरळसरळ काढूनच टाकला पाहिजे, कारण दंगे झाले 1875 च्या उन्हाळ्यात आणि दख्खनचा तो भयंकर दुष्काळ सुरू झाला 1876 चा पाऊस फसल्यावर. तरीही परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तो दंग्याचे कारण म्हणून निर्वेधपणे वावरत असतो. तिथी-वार तपासण्याचा आळस हे पुष्कळशा बनावट कार्यकारणभावाचे मूळ असते, एवढे बोलून तो विषय येथेच सोडतो. उरलेल्या सहांची गोष्ट इतकी सोपी नाही. कारण ती सारी दंग्याच्या आधीची आहेत आणि सारी खरीही आहेत.

अशा वेळी कारणांकडे पाहणे क्षणभर थांबवावे आणि कार्याकडे नीट पाहावे, हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. ‘दंगा झाला’ हे कार्याचे वर्णन इतके ढोबळ आहे की त्याच्या पोटात कोणतेही कारण सहज सामावते. पण त्या गावांत प्रत्यक्ष काय घडले? सुप्यास धान्य, कापड वगैरेंची लूट झाली हे खरे. परंतु बहुतेक ठिकाणी लोकांनी सावकाराकडे मागणी केली ती त्याच्या खतांची, रोख्यांची आणि हुकूमनाम्यांची. त्याने ती निमूटपणे बाहेर आणून दिली तर लोक ती फाडून किंवा जाळून घरोघर निघून जात. त्याने नकार दिला किंवा दाराला अडसर घातला, तरच बळजबरी होई. माणसांच्या जिवाला इजा फार थोडी झाली. तेव्हा प्रश्न ‘रयत का खवळली’ हा नसून, खवळलेल्या रयतेने कागदच का जाळला, हा आहे; आणि तो अशा शब्दांत मांडल्याबरोबर यादीतील निम्मी कारणे आपोआप सैल पडतात. दारिद्र्याने धान्याच्या कोठाराची फोड समजेल, वहीची होळी समजणार नाही. परधर्मी वा परप्रांतीयाविषयीच्या आकसाने माणसावर हात टाकला गेला असता; दप्तर मागून घेऊन परत फिरण्याची शिस्त त्यातून निघत नाही.

कागदाला एवढे सामर्थ्य कोठून आले, याचा शोध घेऊ लागले म्हणजे 1859 साली आपण येऊन पोहोचतो. त्या वर्षी इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एकाने दिवाणी दाव्यांची रीत ठरविली. दुसऱ्याने फिर्याद आणण्याच्या मुदती बांधल्या, आणि साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हा दुसरा कायदा ऋणकोच्या हितासाठी होता, जुनीपुराणी देणी उकरून काढून कुळाला छळता येऊ नये म्हणून होता. पण त्याने काय केले ते एका हिशेबावरून पाहावे. समजा, एका कुणब्याने दरसाल दरशेकडा 24 रुपये व्याजाने 100 रुपये घेतले. तीन वर्षांत 72 रुपये व्याज चढले. मुदत सरण्यापूर्वी सावकार त्याला बोलावून घेई आणि जुना रोखा रद्द करून 172 रुपयांचा नवा रोखा लिहून घेई, ज्यात कालचे व्याज आज मुद्दल होऊन बसलेले असे. आणखी तीन वर्षांनी तोच रोखा सुमारे 296 रुपयांचा होई. सहा वर्षांपूर्वी हाती आलेल्या शंभर रुपड्यांखेरीज त्या कुणब्याने मध्यंतरी एक पैही घेतलेली नसे. पूर्वीच्या अमदानीत व्याज मुद्दलाहून अधिक देववू नये असा दामदुपटीचा दंडक पंचांपुढे चाले. आता दामदुप्पट मोजावयाची झाली तरी ती या फुगलेल्या नव्या मुद्दलावर. मग फिर्याद होई. समन्स कोणाच्या तरी हाती पडे किंवा पडतही नसे. तालुक्याच्या अदालतीपर्यंतची पायपीट, वकिलाची फी आणि वाचता न येणारा कागद यांच्या धास्तीने कूळ हजर होत नसे. निकाल एकतर्फी लागे. आणि हुकूमनामा हाती घेऊन सावकार बेलिफासह दारात उभा राही. मुन्सफापुढे येई तो फक्त रोखा. त्या रोख्यामागचा व्यवहार कधी येतच नसे.

या एवढ्या परिच्छेदात ‘इंग्रजी न्यायपद्धती’ हे यादीतले मोघम कारण मला पायरीपायरीने कार्यापर्यंत आणावे लागले. कारण आणि कार्य यांच्यामधला हा जो चालता दुवा, तो न दाखविता ‘अमुकामुळे तमुक झाले’ असे लिहिणे म्हणजे वाचकाने आपल्यावर विश्वास ठेवावा अशी नुसती विनंती करणे होय. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या आपल्या पुस्तकाच्या प्रारंभी विद्येच्या अभावापासून निघून एकेका पायरीने थेट ऱ्हासापर्यंत उतरणारी जी साखळी योजिली, तिचा ठसा मराठी मनावर कायमचा उमटला आहे. याचे कारण तिचे आशयबळ हे तर आहेच, पण प्रत्येक कडी पुढच्या कडीत अडकलेली दिसते, हेही आहे.

अमेरिकेतील युद्धाचे काय करावयाचे? 1861 ला ते पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, 1865 ला युद्ध संपले आणि बाजार कोसळला. ही कथा इतकी चटकदार आहे की तिला कारण म्हणण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. परंतु येथे अन्वयाबरोबर, म्हणजे कारण असेल तेथे कार्य असते काय याबरोबर, व्यतिरेकही, म्हणजे कारण नसेल तेथे कार्यही नसते काय हेही, पाहावा. कापूस मुख्यतः पिकत होता खानदेशात आणि वऱ्हाडात. तेथे रोखे जळले नाहीत. रोखे जळले ते पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या अवर्षणी पट्ट्यात, जेथे मुख्य पीक बाजरी आणि ज्वारी. तेव्हा कापसाच्या मंदीने शेतकरी बुडाला आणि म्हणून उठला, हा सरळ रस्ता बंद आहे. एक आडवळणाचा रस्ता मात्र उघडा राहतो: त्या तेजीच्या वर्षांत सर्वत्र भाव आणि मजुरी चढली, रेल्वे आणि सरकारी बांधकामे यांमुळे पैसा खेळू लागला, नेमक्या त्याच चढत्या भावांकडे बोट दाखवून 1867 पासून इंदापूर आणि शेजारच्या तालुक्यांत तीस वर्षांची जमाबंदी संपताच फेरपाहणी झाली आणि सारा पन्नास टक्क्यांहूनही अधिक वाढविला गेला, आणि पुढे भाव उतरले तरी सारा उतरला नाही. या वाटेने युद्ध दंग्यापर्यंत पोहोचते, परंतु दूरच्या नातलगासारखे. त्याला यजमानपद देण्याचे कारण नाही.

साऱ्याच्या या वाढीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठविला, आणि 1874 साली सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली: तालुक्यावर 33, एका गावावर 66 आणि एका खातेदारावर 100 टक्के. त्याच सुमारास असाही हुकूम निघाला की, थकबाकीसाठी प्रथम जंगम मालमत्ता जप्त करावी, जमिनीला हात शेवटी लावावा. हा हुकूमही रयतेच्या कळवळ्याने काढलेला. पण गहाण जमीन सरकारजमा होईल या भीतीने जो सावकार कुळाचा हप्ता आजवर स्वतः भरत आला होता, त्याची ती भीती या हुकमाने नाहीशी केली. त्याने हात आखडता घेतला, आणि ऐन वसुलीच्या दिवसांत कुळाच्या दारी मामलेदाराचा शिपाई आणि सावकाराचा नकार एकदमच येऊन ठेपले. माझ्या समजुतीने दंग्याच्या वेळेचे रहस्य येथे आहे. कर्जबाजारीपणा तर वीस वर्षांचा जुना होता. तो 1875 च्याच मे महिन्यात का पेटला, या प्रश्नाला जे कारण उत्तर देऊ शकत नाही ते भूमिका तयार करणारे असेल, घटना घडविणारे नव्हे.

ठिणगीही सांगितली पाहिजे, पण तिला तिच्या मापातच ठेवून. 1874 च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख नावाच्या वजनदार गृहस्थावर सुमारे दीडशे रुपयांचा हुकूमनामा बजावून त्याचे राहते घर लिलावात घेतले आणि पाडले; गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला, न्हावी, परीट, पाणक्या यांनी त्यांचे काम सोडले, आणि ही रीत गावोगाव पसरली. घर पाडले नसते तर दुसरे काही निमित्त झाले असते, असे म्हणणे सोपे आहे. मात्र तो देशमुख होता, साधा कुणबी नव्हता, हा तपशील मी गाळणार नाही. ज्याचा शब्द पंचक्रोशीत चालतो त्याचे घर पडले, म्हणूनच पंचक्रोशी एका विचाराने हलली.

आणखी एक गोष्ट कारणमीमांसा लिहिणाऱ्याने सदैव ध्यानी ठेवावी. कारण ठरविणे म्हणजे पुष्कळदा जबाबदारी ठरविणे असते, आणि ठरविणारा कोण, यावर ते अवलंबून राहते. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने जे मंडळ नेमले, त्याने रयतेचे कर्ज, सावकाराचे कावे आणि अदालतीचे दोष यांचे वर्णन अत्यंत परिश्रमपूर्वक केले. तो अहवाल आजही मराठी मुलखाच्या सामाजिक इतिहासाचे अमोल साधन आहे. परंतु मुख्य ठपका सरकारी साऱ्यावर ठेवण्याचे मंडळाने टाळले. सभासदांपैकी ऑकलंड कॉल्व्हिन, जे मुंबई इलाख्यातील नसून वायव्य प्रांतातून आलेले होते, त्यांनी स्वतंत्र टिपण जोडून सारापद्धतीकडेच बोट दाखविले. मुंबईच्या जमाबंदीचे समर्थन करण्याची गरज ज्याला नव्हती, त्याला तिचा दोष दिसला. म्हणून एखादे कारण लिहिताना, याने कोण निर्दोष सुटतो आहे, हे एकवार विचारून घ्यावे.

परिणामांच्या बाजूलाही हीच छाननी लागू आहे. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा हा दंग्यांचा परिणाम म्हणून सर्वत्र सांगितला जातो; परंतु दंगा आणि कायदा यांच्यामध्ये चार वर्षे गेली, 1876 ते 1878 चा दुष्काळ येऊन गेला, आणि 1879 च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंतांचे बंडही झाले. ही सर्व तिकटे वगळून दंग्यापासून कायद्यापर्यंत एकच रेघ ओढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चौकशी मंडळाच्या अहवालाने कायद्याचा आराखडा पुरविला, एवढे नि:शंक म्हणता येईल. त्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत मुन्सफाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, देणे हप्त्याने फेडण्याची सोय केली आणि कर्जापायी होणारी कैद बंद केली. सावकारांनी त्यावर तोड काढावयास फार वेळ लावला नाही: गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून मागू लागले, आणि ज्या जमिनी कर्जात अडकल्या असत्या, त्या कागदोपत्री विकल्या जाऊ लागल्या.