सर्दीच आहे म्हणता?

बसा भाऊ. वहिनी, तुम्हीही बसा. पोराने काही खोडी केलेली नाही, चूक तुमची आहे.

आठवीतलं पोरगं बाकावर कोपर टेकून अंगठ्याने भुवईवरचं कपाळ दाबत बसतं. आज डाव्या डोळ्याची पापणी इतकी सुजली की डोळा अर्धा मिटलाय. मधल्या सुट्टीत ओकलं. विचारलं तर म्हणे, रांजणवाडी आहे, आई म्हणाली. सर्दीला दोन आठवडे झाले, मधे जरा बरं वाटलं आणि ताप उलटला. तुम्ही काय केलं? दुकानातून सुटी गोळी आणि मागच्या खेपेच्या उरलेल्या अँटिबायोटिकचे दोन डोस!

संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या दिसला तर त्याच दिवशी बोर्डोमलम लावता ना? मग पोराच्या वेळेलाच तोडणी कशी आडवी येते?

थांबा, मला बोलू द्या. बहुतेक सर्दी आपसूक बरी होते. दर शिंकेला औषध घाला असं मी म्हणत नाही. पण भुवयांमागे हाडात पोकळी असते. ती वयाच्या सहा-सात वर्षांनंतर वाढू लागते, म्हणून तिथे पू साचायचा धोका याच्या वयाच्या पोरांना जास्त. तिथे पू साचला तर मागचं हाड पातळ आणि पलीकडे लगेच मेंदू. तिथल्या बारीक शिरांना झडपा नसतात, त्यामुळे जंतू उलटे मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. याच पुवाने कधी कपाळावर मऊ टेंगूळ येतं, त्याची नोंद लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननी १७६० मध्येच करून ठेवलीय. पू मेंदूपाशी गेला तर कवटी उघडावी लागू शकते आणि पुढे कित्येक आठवडे शिरेतून औषध. हे क्वचित होतं, खरंय. पण ज्याच्या घरी होतं त्याला क्वचितचा काय उपयोग?

सर्दीला दहा दिवसांत उतार नाही, बरी होऊन उलटली, डोळा सुजला, डोकं असह्य दुखून ओकाऱ्या झाल्या, तर घरी बसायचं नाही. यातलं काय राहिलंय तुमच्या पोराचं?

आत्ताच्या आत्ता काटोलच्या सरकारी रुग्णालयात न्या. तिथल्या डॉक्टरांनी नागपूरला मेडिकल कॉलेजला पाठवलं तर "उद्या बघू" म्हणायचं नाही, रात्र झाली तरी जायचं. वाटेत गुंगी आली, मान ताठरली, फिट आली तर १०८ लावा. ताप कधीपासून, गोळ्या कोणत्या दिल्या, ते या कागदावर लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. उरलेल्या गोळ्यांचं लपवू नका.

मजूर एक दिवस थांबतील. पोरगं दप्तर घेऊन दारात उभं आहे. निघा.