प्रथमावृत्तीचे मोल

ग्रंथाचे मोल त्यातील मजकुरावरून ठरवावे की तो मजकूर ज्या कागदावर प्रथम उतरला त्या कागदावरून, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगाही वाटत नाही. मजकुरावरून, असे कोणीही सुशिक्षित मनुष्य तत्काळ सांगेल. परंतु तोच मनुष्य लंडनच्या एखाद्या जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याची यादी चाळू लागला, तर त्यास निराळाच व्यवहार आढळेल. कादंबरी एकच, मजकूर अक्षरश: तोच, परंतु एक प्रत चहाच्या पेल्याच्या किमतीत मिळते आणि दुसरीस हजारो पौंड पडतात. आणि ही गोष्ट महाकवींच्या ग्रंथांची असती तर एक वेळ समजले असते. ती आहे आगगाडीच्या प्रवासात वाचून बाकावरच विसरून जाण्यासाठी लिहिलेल्या रहस्यकथांची आणि हेरकथांची. हा सारा श्रीमंतांचा छंदिष्टपणा होय असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ आहे असे वाटते.

प्रथम हे लोक पहिली छाप ओळखतात कशी ते पाहू. इयन फ्लेमिंग याची 'कॅसिनो रॉयल' ही जेम्स बाँडची पहिली कादंबरी लंडनच्या जोनाथन केप या प्रकाशकाने 13 एप्रिल 1953 रोजी साडेदहा शिलिंग किमतीस प्रसिद्ध केली. पहिल्या छपाईच्या प्रती पाच हजारांहून कमीच निघाल्या, त्यांतील पुष्कळशा वाचनालयांत गेल्या, आणि त्याच वर्षी पुनर्मुद्रण करावे लागले. पहिल्या छपाईची प्रत हवी असेल तर शीर्षकपानाच्या पाठीमागे 1953 साली प्रथम प्रसिद्ध झाल्याची नोंद पाहावयाची आणि तिच्याखाली पुनर्मुद्रणाची ओळ नाही याची खात्री करून घ्यावयाची. बांधणी काळ्या कापडाची, वर तांबडा बदाम. येथपर्यंत सोपे आहे. खरी मेख बाहेरच्या कागदी वेष्टणात आहे. ते वेष्टण खुद्द लेखकाच्याच कल्पनेतून उतरलेले. त्याच्या आत दुमडलेल्या भागावर 'संडे टाइम्स' पत्राचा अभिप्राय छापलेला असेल, तर ते वेष्टण मागाहूनचे. अभिप्राय नसेल तर पहिले. म्हणजे ज्या वेष्टणावर ती स्तुती नाही तेच मौल्यवान!

इतर प्रकाशकांच्या खुणा इतरत्र असतात. अमेरिकेतील स्क्रिब्नर हे प्रकाशक 1930 पासून कित्येक वर्षे पहिल्या छपाईवर 'ए' हे एकच अक्षर छापीत. पुढे अंकांची ओळ छापण्याची रीत पडली. तीत एकाचा आकडा शिल्लक असेल तर छाप पहिली. परंतु रँडम हाऊसची ओळ बराच काळ दोनापासूनच सुरू होत असे आणि तिच्याबरोबर प्रथमावृत्तीचे शब्द असले म्हणजे झाले. त्यामुळे नवशिके फसत. कॉनन डॉइलच्या 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या 1902 सालच्या पुस्तकात तेराव्या पानाच्या तिसऱ्या ओळीत 'युअर' या शब्दाऐवजी चुकून 'यू' छापले गेले. ती चूक असेल तर प्रत अव्वल. चूक दुरुस्त झाली की भाव उतरला.

येथे आमच्या परंपरेतील मनुष्य थबकतो. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. त्यांस जुनी पोथी हवी होती ती जुनी म्हणून नव्हे, शुद्ध म्हणून. ज्या प्रतीत लेखनिकाने शब्द गाळला, ती प्रत त्या ठिकाणी टाकाऊ. इकडे हा संग्राहक गळलेले अक्षरच शोधीत बसतो! यात कोण शहाणा आणि कोण वेडा?

आमच्या मते दोघेही आपापल्या जागी शहाणे आहेत, कारण दोघे दोन निराळ्या वस्तू शोधीत आहेत. नाथांस हवे होते ज्ञानेश्वरांचे म्हणणे. संग्राहकास हवा आहे एक साक्षीदार. 1953 च्या त्या एप्रिल महिन्यात फ्लेमिंगच्या या नायकाचे पुढे काय होणार, हे कोणासही ठाऊक नव्हते. त्या हंगामात निघालेल्या अनेक कथांपैकी ती एक. खपेल किंवा रद्दीत जाईल. अभिप्राय नसलेले ते वेष्टण त्या अनिश्चिततेतून आलेले आहे. यशस्वी गोष्टी मागाहून पाहताना त्या यशस्वी होणारच होत्या असा भ्रम आपणा सर्वांस होतो. ती जुनी प्रत त्या भ्रमाविरुद्ध साक्ष देते, आणि अशा साक्षीस कोणी पैसे मोजले तर त्यास आम्ही मूर्ख म्हणणार नाही. फ्लेमिंग स्वत:ही मोठा संग्राहक होता. ज्या पुस्तकांनी जगात काही नवे सुरू केले त्यांच्या प्रथमावृत्त्या पर्सी म्यूर या जाणत्या व्यापाऱ्याच्या मदतीने त्याने 1930 नंतरच्या वर्षांत जमविल्या. तो संग्रह पुढे अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात गेला. नवा विचार जगापुढे प्रथम कोणत्या वेषात उभा राहिला, हे पाहण्याची ती जिज्ञासा होती.

परंतु बाजार या जिज्ञासेवर चालत नाही, आणि येथूनच आमचा मतभेद सुरू होतो. बाजारास साक्षीदार हवा, पण त्याने काही पाहिलेले नसावे! प्रत पहिली हवी आणि कोणी हात न लावल्यासारखीही हवी. याचे सर्वांत बोलके उदाहरण एड्गर वॉलेसचे आहे. त्याने 1905 साली 'द फोर जस्ट मेन' ही कादंबरी टॅलिस प्रेस या नावाने स्वत:च प्रसिद्ध केली. चार इसम ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यास धमकी देतात, पोलिसांचा कडेकोट पहारा असतो, आणि तरीही बंद खोलीत मंत्र्याचा मृत्यू होतो. तो कसा, हे पहिल्या आवृत्तीत सांगितलेलेच नाही. जो वाचक अचूक ओळखील त्यास बक्षीस. एकंदर रक्कम 500 पौंड. आणि उत्तर लिहून पाठविण्यासाठी पुस्तकाच्या शेवटी फाडून घेण्याचा कागद जोडलेला. अचूक उत्तरे किती जणांस बक्षीस मिळवून देतील याची मर्यादा घालण्याचे मात्र वॉलेस विसरला. उत्तरे बरोबर आली ती पुष्कळ. बिचारा कर्जात बुडाला, 'डेली मेल'चे मालक हार्म्सवर्थ यांजकडून पैसे घेऊन त्यास अब्रू राखावी लागली, आणि पुस्तकाचे हक्क थोडक्या रकमेस विकावे लागले. (उत्तर आम्ही येथे देत नाही, ते मागाहूनच्या कोणत्याही स्वस्त आवृत्तीत आहे.)

आता या पुस्तकाची कोणती प्रत अधिक मोलाची? ज्या प्रतीतील तो कागद फाडलेला नाही ती. म्हणजे ज्या घरी पुस्तक आले, पण लेखकाचे आव्हान कोणी स्वीकारले नाही, त्या घरची प्रत श्रेष्ठ. आणि ज्या घरी दिव्याखाली बसून कोणा कारकुनाने डोके खाजविले, कागद फाडला, टपालात टाकला आणि बक्षिसाची वाट पाहिली, त्या घरची प्रत सदोष. पुस्तकाने जे मागितले ते ज्या वाचकाने केले, त्याचीच प्रत उणी ठरली. आम्हांस विचाराल तर 1905 सालची खरी साक्ष त्या फाटक्या कडेवर आहे.

असेच दुसरे उदाहरण वेष्टणावरील किमतीचे. पुस्तक भेट देताना त्याची किंमत दिसू नये म्हणून वेष्टणाचा तेवढा कोपरा कात्रीने कापून टाकण्याची तिकडे रीत असे. आमच्या घरांत दुकानाची चिठ्ठी खरवडून काढतात, त्यातलाच हा प्रकार. हा शिष्टाचार, हे कोणाचे तरी सौजन्य. परंतु आज तो कोपरा नसला की मोल घसरते. पहिल्या पानावर मामाने भाच्यास वाढदिवसानिमित्त लिहिलेल्या दोन ओळी असल्या तरी तेच; मामा प्रसिद्ध असेल तर गोष्ट वेगळी. रहस्यकथा तर वाचून झिजण्यासाठीच जन्मास येते. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा ज्यांनी वाचनालयातून आणून एका रात्रीत घरातील चौघांनी वाचल्या, त्यांस हे निराळे सांगावयास नको. अशा कथेची कोरी प्रत म्हणजे जी कथा आपले काम करू शकली नाही तिचा अवशेष.

यावर संग्राहक म्हणेल, की आवडीनिवडीचा हा प्रश्न. तुम्हांस फाटकी प्रत आवडते, मला अखंड आवडते. यात नीती कोठे आली? एवढ्यावर थांबले असते तर आम्हीही वाद घातला नसता. परंतु अखंडतेस भाव आला की अखंडता तयार करणारेही निपजतात. एका प्रतीचे पुस्तक चांगले, पण वेष्टण नाही. दुसरीचे वेष्टण चांगले, पण पुस्तक वाचनालयात झिजलेले. दोन्ही पहिल्या छपाईच्याच. मग या पुस्तकास ते वेष्टण चढवावयाचे, आणि झाली एक निर्दोष प्रत! यात खोटे काय आहे? पुस्तक खरे, वेष्टण खरे. नागसेनाने मिलिंद राजास विचारले होते, की चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? त्याच चालीवर आमचा व्यापारी विचारतो, की यातील कोणता भाग तुम्ही खोटा म्हणता?

कोणताच नाही. खोटे आहे ते त्यांचे एकत्र असणे. ती प्रत न बोलता असे सांगते, की 'मी इतकी वर्षे अशीच होते'. आणि ते घडलेले नाही. शब्द न उच्चारता असत्य बोलता येते, हे धर्मराजाच्या कथेवर वाढलेल्या वाचकांस पटवावे लागणार नाही. तेथे निदान शब्द तरी उच्चारला गेला होता.

ही वाट कोठवर जाते हे टॉमस वाइज याच्या चरित्रावरून दिसते. हा इंग्लंडातील ग्रंथसूचीकारांत अग्रगण्य मानला गेलेला गृहस्थ. 1934 साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोन तरुण व्यापाऱ्यांनी एक पुस्तक लिहून दाखवून दिले, की प्रसिद्ध कवींच्या दुर्मीळ प्रथमावृत्त्या म्हणून विकली जाणारी कित्येक चोपडी बनावट आहेत. एलिझाबेथ ब्राउनिंग हिच्या सुनीतांचे 1847 साल छापलेले चोपडे घ्या. त्याचा कागद रासायनिक रीतीने केलेल्या लाकडी लगद्याचा निघाला. आणि तसा कागद इंग्लंडात 1874 च्या आधी छपाईत वापरलाच जात नव्हता. या दोघांनी नाव घेऊन आरोप केला नाही, तरी सर्व धागे वाइजकडे जात होते. 1937 साली तो मरण पावला, पण त्याने कबुली दिली नाही.

आमच्या विषयास अधिक लागू आहे ती त्याची दुसरी करणी, जी डेव्हिड फॉक्सन याने 1950 नंतर उजेडात आणली. जुन्या इंग्रजी नाटकांच्या आपल्या अपुऱ्या प्रती पुऱ्या करण्यासाठी वाइजने ब्रिटिश म्यूझियमच्या प्रतींतील पाने चोरली होती. एक-दोन नव्हे, दोनशेच्या आसपास. ही पाने बनावट नव्हती. प्रत्येक पान अस्सल, त्याच काळचे, त्याच छापखान्याचे. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा संग्रह म्यूझियमनेच विकत घेतला, आणि काही पाने अशा रीतीने पुन: त्याच इमारतीत परत आली, पण दुसऱ्या पुस्तकाच्या पोटात. वाइज चोर होता आणि वेष्टण बदलणारा चोर नव्हे, हा भेद आम्ही विसरत नाही. तथापि दोघांची इच्छा एकच: प्रत जशी जगली तशी न दाखविता, जशी जगावयास हवी होती तशी दाखवावी.

यात नुकसान कोणाचे, असा प्रश्न उरतो. घेणारा संतुष्ट, देणारा संतुष्ट. नुकसान होते ते ज्ञानाचे. कोणते वेष्टण कोणत्या छपाईबरोबर निघाले, अभिप्राय केव्हा चढला, हे कळण्यास उरलेल्या प्रतींवाचून दुसरा आधार पुष्कळदा नसतो. शंभर प्रतींपैकी तीस प्रतींवर कोणी वेष्टणांची अदलाबदल केली, तर पुढचा अभ्यासक त्या तिसांवरून चुकीचाच सिद्धांत बांधील. साक्षीदारांस शिकवून उभे केले की सत्य सांगणाऱ्या सत्तरांवरचाही विश्वास उडतो.

याचा आमच्याकडेही संबंध पोहोचतो. आमच्या आजोबा-पणजोबांनी ज्या इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या, त्यांपैकी अनेक लंडनच्या वाचकांसाठी बांधलेल्या प्रती नव्हत्या. मॅकमिलन कंपनीने 1886 साली वसाहतींसाठी स्वतंत्र ग्रंथमाला काढली आणि इतर प्रकाशकांनीही तोच कित्ता गिरविला. ही पुस्तके फक्त हिंदुस्थानात आणि वसाहतींत खपविण्यासाठी आहेत, असे त्यांवर छापलेले असे. पुष्कळदा आतील छापील फर्मे लंडनच्या आवृत्तीचेच. बांधणी तेवढी साधी आणि किंमत कमी. संग्राहकांच्या यादीत या प्रतींस बहुधा दुय्यम स्थान मिळते. परंतु एखाद्या जुन्या वाड्यातील कपाटात अशी प्रत निघाली, आत वाचनालयाचा शिक्का, कडेला पेन्सिलीने लिहिलेले कठीण शब्दांचे मराठी अर्थ, तर ती लंडनच्या प्रतीशी स्पर्धा करण्यासाठी धुऊन-पुसून नवी बांधून घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. बांधणी अगदीच सुटली असेल तर बांधावी. मात्र जुने पुठ्ठे जपून ठेवावे, आणि काय बदलले व कोणत्या साली, हे शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावे. शाई वापरू नये, ती कागदातून पलीकडे उतरते.